भाजलेला चेहरा आणि सिनेमा : एका प्रश्नाची गोष्ट

पेट पास झालात, मुलाखत झाली, गाइड मिळाले. मग पहिल्याच भेटीत गाइड विचारतात, "तुमचा प्रश्न काय?" आणि आपण उत्तर देतो विषयाचं. "सर, हिंदी-मराठी सिनेमातलं शरीर." सर मान हलवतात आणि परत विचारतात, "हा विषय झाला. प्रश्न काय?"

मी हे दीड वर्ष ऐकलं. विषय होता, टिपणांच्या वह्या होत्या, प्रश्न नव्हता. तो सापडला कुठे, तर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, चहाच्या टपरीवर. तो कसा सापडला आणि त्यासाठी कोणते पुरावे उलटेपालटे करावे लागले, ते या लेखात सांगते. तुमचा विषय सिनेमा नसला तरी वाचा. पद्धत सगळीकडे हीच लागते.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'पंचतारांकित' म्हणजे हॉटेल नव्हे. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेली ही मोठी औद्योगिक वसाहत आहे. रस्ते, पाणी, वीज अशा सोयींच्या दर्जावरून ते नाव पडलं. आमच्याकडे सगळे नुसतं 'फाइव्ह स्टार' म्हणतात. पुणे-बंगळूर महामार्गावरून आत वळलं की कारखाने सुरू होतात. कोल्हापूर हे फौंड्रीचं गाव. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि इथेही लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम चालतं.

माझा मामेभाऊ आयटीआय करून अशाच एका फौंड्रीत कंत्राटदाराकडून लागला. वय अठरा. ओतकामाच्या वेळी साच्यात किंवा लॅडलमध्ये थोडा जरी ओलावा राहिला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि साधारण १,४०० अंशाचं लोखंड उसळून बाहेर येतं. तसंच झालं. जीव वाचला, डोळा वाचला, पण उजवा गाल, कान आणि ओठाचा कोपरा गेला. आता तो तिथेच जवळ दुसऱ्या ठिकाणी स्टोअरला आहे. (त्याला विचारून लिहितेय. नाव घालू नको म्हणाला, म्हणून घातलेलं नाही. कारखान्याचंही नाही.)

शिफ्ट सुटते तेव्हा गाडीवरची सगळीच पोरं तोंडाला रुमाल बांधून असतात, उन्हामुळे, धुळीमुळे. त्या गर्दीत हा कुणाला वेगळा दिसत नाही. टपरीवर आलं की बाकीचे रुमाल सोडतात. हा तसाच बसतो आणि रुमालाखालून चहा पितो. त्या दिवशी मला म्हणाला, "अक्का, तू पिक्चरवरच पीएचडी करालीस न्हवं? मग माझ्यागत त्वांड असलेल्या पोराचा एखादा पिक्चर हाय का?"

मी म्हटलं, आहे की. आणि घरी येऊन शोधायला बसले.

पहिला पुरावा : 'मास्क', १९८५

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते अमेरिकन. पीटर बोगदानोविच यांचा 'मास्क' १९८५ मध्ये आला. रॉकी डेनिस नावाच्या खऱ्या मुलाची ती गोष्ट. त्याला एक अतिशय दुर्मीळ हाडांचा आजार होता. कवटीत कॅल्शियम साचत जातं, हाड जाड होत जातं आणि चेहऱ्याचा आकार बदलतो. रॉकी डिसेंबर १९६१ मध्ये जन्मला आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये, सोळाव्या वर्षी गेला. पडद्यावर रॉकी झाला एरिक स्टोल्ट्झ आणि त्याची आई झाली शेर. या भूमिकेसाठी शेरला कान महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. रंगभूषेसाठी चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

मी आणि भावाने तो लॅपटॉपवर एकत्र बघितला. नव्या शाळेत प्रवेश घेताना मुख्याध्यापक टाळाटाळ करतो आणि आई त्याला गप्प करते, तेव्हा भाऊ हसला. जत्रेतल्या वेड्यावाकड्या आरशात रॉकीला आपला चेहरा चारचौघांसारखा दिसतो, त्या प्रसंगाला तो काहीच बोलला नाही. पुढे शिबिरात रॉकीला एक मुलगी भेटते. ती आंधळी आहे. रॉकी तिला गरम-गार वस्तू हातात देऊन रंग समजावतो. प्रसंग सुंदर आहे, मला आवडतो. भाऊ मात्र तिथे उठून बसला.

"त्या आंधळ्या पोरीला कशाला आणली मधीच? डोळं असलेली पोरगी मिळाली न्हाई व्हय त्येंना?"

माझा प्रश्न तो हा. त्याचं पुस्तकी रूपांतर मी नंतर केलं : विद्रूप चेहऱ्याच्या माणसावर कुणी प्रेम करावं, यासाठी सिनेमाला बघणाऱ्याचे डोळे का झाकावे लागतात? आणि हे नेहमी असंच होतं का, की काळाबरोबर बदललं?

यात एक गोष्ट लक्षात घ्या. दीड वर्षात मी हा चित्रपट तीन वेळा बघितला होता आणि तिन्ही वेळा त्या मुलीच्या आंधळेपणाकडे 'हृद्य प्रसंग' म्हणून बघितलं. ज्याचं त्यात काही अडकलेलं असतं, त्याला तीच गोष्ट खुपते. प्रश्न वाचनालयात मिळतो तसा असाही मिळतो. फक्त तो ऐकल्यावर लगेच लिहून ठेवायचा.

दुसरा पुरावा : 'सत्यम् शिवम् सुंदरम्', १९७८

आता घराजवळ या. राज कपूर यांचा 'सत्यम् शिवम् सुंदरम्' १९७८ चा, म्हणजे खरा रॉकी गेला त्याच वर्षीचा. पुण्याजवळ लोणी काळभोरला राज कपूर यांची शेती होती, राजबाग. या चित्रपटाचं बरंच चित्रीकरण तिथलं. राज कपूर यांचं आपल्या भागाशी नातं त्याहून जुनं आहे. भालजी पेंढारकरांच्या १९४६ च्या 'वाल्मिकी'मध्ये त्यांनी नारदाचं काम केलं होतं.

कथा तुम्हाला माहीत असेल. पुजाऱ्याची मुलगी रूपा. लहानपणी उकळतं तेल अंगावर पडून तिच्या चेहऱ्याची एक बाजू आणि गळा भाजतो. लहान रूपा म्हणजे पद्मिनी कोल्हापुरे, आडनावामुळे आमच्याकडे उगाच जवळची वाटणारी. मोठी रूपा म्हणजे झीनत अमान. गावात धरणाच्या कामावर इंजिनिअर येतो, शशी कपूर. त्याला कुरूप काही सहन होत नाही. तो रूपाच्या आवाजाच्या प्रेमात पडतो. ती पदराआडून भेटते, म्हणून चेहऱ्याची भाजलेली बाजू त्याला दिसतच नाही. लग्नानंतर दिसते, तेव्हा तो म्हणतो ही ती नव्हेच, मला फसवलं. मग तीच बायको रात्री पदर घेऊन त्याची प्रेयसी म्हणून भेटत राहते. शेवटी पूर येतो आणि त्याचे डोळे उघडतात.

'मास्क'शेजारी ठेवून बघा. तिथे मुलीला दृष्टी नाही. इथे पुरुषाला दृष्टी आहे, पण पटकथा त्याला दोन तासांहून जास्त वेळ नीट बघूच देत नाही. युक्ती एकच. फरक इतकाच की राज कपूर यांना ही युक्ती आहे हे माहीत होतं. चित्रपटाचा सगळा दावाच 'रूपाच्या पलीकडे बघा' असा आहे. पण तो दावा करणारा कॅमेरा स्वतः काय बघतो? तो भाजलेला गाल केसांआड, पदराआड ठेवतो आणि शरीराच्या बाकी भागावर रेंगाळतो. स्वप्नगीतात तर चेहऱ्यावरचा डागच नाहीसा होतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. चित्रपटात लहान रूपा आहे, मग थेट तरुण रूपा आहे. मधली वर्षं नाहीत. शाळेत जाताना, मैत्रिणींची लग्नं ठरताना, पहिल्यांदा आरशासमोर बराच वेळ उभं राहताना ती कशी होती, ते चित्रपटाला नको आहे. 'मास्क' पूर्ण त्याच वर्षांचा आहे. माझा भाऊ त्याच वर्षांत आहे. एखाद्या साधनात काय आहे हे आपण टिपून घेतोच. काय गाळलंय याची वेगळी यादी करायची सवय लावा. ती यादी बहुतेक वेळा जास्त बोलते.

तिसरा पुरावा : न्यायालयाचा निकाल

चित्रपटावर काम करताना आपण चित्रपट आणि समीक्षा एवढंच वाचतो. माझ्या गाइडनी मला निकालपत्र वाचायला लावलं. 'सत्यम् शिवम् सुंदरम्'वर अश्लीलतेची फौजदारी तक्रार झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७९-८० मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी त्यावर निकाल दिला. मुद्दा असा होता : सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाच्या निर्मात्यावर अश्लीलतेचा खटला चालवता येतो का? भारतीय दंड संहितेच्या कलम ७९ मध्ये अशी तरतूद होती की, कायद्याने मुभा दिली आहे असं सद्भावनेने समजून केलेली कृती गुन्हा ठरत नाही. त्या आधारे निर्मात्यांना संरक्षण मिळालं. चित्रपट आणि कायदा या विषयात हा निकाल आजही वाचला जातो.

आता संशोधक म्हणून विचार करा. या चित्रपटाबद्दलचा सर्वांत मोठा सार्वजनिक वाद कशावरून झाला? कपड्यांवरून. भाजलेल्या मुलीची कथा सांगणाऱ्या चित्रपटाच्या वादात भाजलेली मुलगी पक्षकार नव्हती, मुद्दाही नव्हती. न्यायालयाचा यात दोष नाही. त्यांच्यासमोर जो प्रश्न ठेवला त्याचं उत्तर त्यांनी दिलं. पण तक्रार कशाची होते आणि कशाची होत नाही, यावरून समाजाला काय खटकतं आणि काय खटकत नाही ते कळतं. इंजिनिअर बायकोला तिच्या चेहऱ्यावरून घराबाहेर काढतो, हे कुणाला खटल्यापर्यंत न्यावंसं वाटलं नाही.

चौथा पुरावा : ललिता पवार

इथपर्यंत आलेले सगळे डाग रंगभूषेचे. सायंकाळी धुऊन टाकायचे. खरा बदललेला चेहरा आपल्या सिनेमात होता का? होता, आणि आपण सगळ्यांनी तो बघितलाय.

ललिता पवार यांचा जन्म १९१६ चा, येवल्याचा. १९३० च्या दशकात त्या नायिका होत्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड जोरात लागली. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं संपली. पुढे त्या आपल्याला कोण म्हणून माहीत आहेत? खाष्ट सासू. प्रभातच्या १९४४ च्या 'रामशास्त्री'मध्ये आनंदीबाई, शांतारामबापूंच्या १९५० च्या 'दहेज'मध्ये सासू, आणि १९८७ मध्ये दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा.

दुखापत झालेल्या डोळ्याचा अर्थ पडद्यावर 'कपटी नजर' असा झाला. मला हे सगळ्यात जास्त लागलं. रूपाच्या खोट्या डागावर चित्रपट प्रेक्षकाची दया मागतो. ललिताबाईंच्या खऱ्या दुखापतीवर तोच सिनेमा त्यांना दुष्ट ठरवतो. आणि आपण घरात बसून त्या डोळ्याची नक्कल करत हसलो.

पण थांबा. इथे घाईने सिद्धांत मांडू नका, मी मांडला होता आणि चर्चासत्रात आपटले. एका प्राध्यापक बाईंनी एवढंच विचारलं, "आणि 'अनाड़ी'?" १९५९ च्या 'अनाड़ी'त ललिता पवार मिसेस डिसा आहेत, राज कपूरची घरमालकीण, वरून कडक आणि आतून लोण्यासारखी. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. डोळा तोच. म्हणजे चेहऱ्यात अर्थ नसतो. भूमिका, कॅमेरा आणि प्रेक्षकाची सवय मिळून तो अर्थ घालतात. विरोधी उदाहरणाने माझा मुद्दा पडला नाही, तो नेमका झाला. म्हणून आपल्याविरुद्धचं उदाहरण आपणच आधी शोधावं, दुसऱ्याने भर सभेत शोधण्यापेक्षा.

जाता जाता तारखांचं एक सांगते. 'थप्पड लागली आणि तीन वर्षं काम बंद' असं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. १९४२ ची थप्पड आणि १९४४ चा 'रामशास्त्री' शेजारी लिहा. उपचार लांबले असतील, पण तीन वर्षं काम बंद हे या दोन आकड्यांत बसत नाही. किस्सा कितीही आवडला तरी त्याच्याशेजारी चित्रपटांची यादी ठेवायचीच.

पाचवा पुरावा : कायद्याची अनुसूची

हा पुरावा सिनेमाचा नाही. तो माझ्या मामाच्या घरात, पिशवीतल्या कागदांत सापडला. भावाच्या भरपाईची फाइल वाचताना मी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा उघडला (२००९ च्या दुरुस्तीने नाव 'कर्मचारी नुकसानभरपाई' झालं). त्याच्या पहिल्या अनुसूचीत, कोणती इजा झाली म्हणजे माणसाची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली असं मानायचं, याची छोटी यादी आहे. दोन्ही हात जाणं त्यात आहे. पूर्ण बहिरेपण आहे. आणि चेहरा अतिशय गंभीर विद्रूप होणं, हेही आहे. कर्मचारी राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्याच्या अनुसूचीतही तेच.

मी ती ओळ चार वेळा वाचली. चेहरा भाजलेल्या माणसाचे हात चालतात, पाय चालतात, तो लोखंड ओतू शकतो. तरी कायदा म्हणतो, शंभर टक्के. का? कारण कायद्याला ठाऊक आहे की काम देणारा चेहरा बघून देतो. सिनेमाने पदराआड ठेवलेलं सत्य कायद्याच्या एका रुक्ष तक्त्यात उघडं पडलंय.

पण शब्द आहे 'अतिशय गंभीर'. त्याहून कमी विद्रूपतेला तक्त्यात वेगळी ओळ नाही. मग डॉक्टरांनी ठरवायचं. भावाच्या बाबतीत जो आकडा ठरला, तो ऐकून मामी एवढंच म्हणाली, "ह्याला स्थळं बघताना टक्के कोण इचारतंय?"

दुसरा कायदा बघा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता मोजल्या आहेत. त्यात अॅसिड हल्ल्यातील पीडित आहेत, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या व्याख्येत हल्ला लागतो, कुणीतरी अॅसिड किंवा तसा दाहक पदार्थ फेकलेला लागतो. भट्टीवरचा अपघात त्यात बसत नाही. चेहरा सारखाच भाजला तरी कागदावर दोन माणसं वेगळी.

सहावा पुरावा : 'छपाक', २०२०

मग काळाबरोबर काही बदललं का? याचं उत्तर शोधताना मेघना गुलजार यांचा 'छपाक' आला, जानेवारी २०२० चा. तो लक्ष्मी अगरवाल यांच्या आयुष्यावर बेतलेला. २००५ मध्ये दिल्लीत त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या. पडद्यावरची मालती वयाने थोडी मोठी केली आहे. त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अॅसिडच्या विक्रीवर निर्बंध आणणारे आदेश दिले. त्याच वर्षी दंड संहितेत अॅसिड हल्ल्यासाठी स्वतंत्र कलमं आली.

'छपाक'मध्ये दीपिका पदुकोणचा चेहरा बहुतेक वेळ उघडा आहे आणि समोर आहे. नोकरी, कोर्टाच्या तारखा, शस्त्रक्रिया, सगळं त्या चेहऱ्यानिशी. तिच्या जवळ येणारा माणूस डोळस आहे, तो बघतो आणि तरी थांबतो. १९७८ चा पदर आणि १९८५ चं आंधळेपण, दोन्हींची गरज २०२० मध्ये उरली नाही. मधल्या काळात काय झालं? मला वाटतं, अशा चेहऱ्याच्या बायका स्वतः न्यायालयात, रस्त्यावर आणि टीव्हीवर उघड्या चेहऱ्याने उभ्या राहिल्या. आधी त्या दिसल्या, मग सिनेमाने त्यांना दाखवलं. माझ्या प्रबंधाचा दावा एवढाच आहे. तीन चित्रपटांवर तो सिद्ध होत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून पुढची दोन वर्षं आहेत.

'छपाक' बघून झाल्यावर भावाला विचारलं, कसा वाटला. तो म्हणाला, "चांगला हाय. पण तिच्यावर कुणीतरी फेकलं, म्हणून गोष्ट झाली. माझ्यावर कुणी फेकलं न्हाई, ते आपसूक उडालं. मग माझी गोष्ट कशी हुणार?"

'आपसूक' या शब्दावर मी अजून अडकले आहे. फेस शील्ड होतं का, साचा कोरडा आहे हे कुणी तपासलं होतं का, अठरा वर्षांच्या नव्या पोराला लॅडलजवळ कुणी उभं केलं, हे प्रश्न विचारले की ते आपसूक राहत नाही. गोष्टीला खलनायक लागतो अशी सवय सिनेमाने आपल्याला लावली. जिथे खलनायक एक माणूस नसतो, तिथे आपल्याला गोष्टच दिसत नाही. हे प्रबंधाचं शेवटचं प्रकरण होईल असं वाटतंय. सर म्हणाले, "लिहून आणा, मग बघू."

तुमच्यासाठी काम देते. तुमच्या विषयातलं एक साधन घ्या : चित्रपट, निकालपत्र, शाळेचं रजिस्टर, काहीही. एका पानावर दोन रकाने आखा. डावीकडे त्यात काय आहे ते लिहा, उजवीकडे काय असायला हवं होतं आणि नाही ते लिहा. मग ते पान अशा माणसाला दाखवा ज्याचं त्या विषयात काही अडकलेलं आहे. तो कुठे उठून बसतो, ते बघा.

परवा परत टपरीवर गेले होते. संध्याकाळची शिफ्ट सुटलेली, नेहमीची गर्दी. हा रुमालाखालूनच चहा पीत होता. मी लेखाची छापील प्रत दिली. त्याने पहिलं पान वाचलं, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "ते रुमालाचं लिवलंस व्हय? बरं केलंस. र्‍हाऊ दे."